वाणात गेलेली पद्मिनी

सांगलीला दाजींच्या दहाव्याला गेलो, तेव्हा कृष्णेच्या घाटावर उभं राहायला जागा नव्हती. हळदीचे व्यापारी होते, हमाल होते, विश्रामबागेतल्या कॉलेजचे दोन प्राध्यापक होते. एक बाई नुसती पदर तोंडाला लावून बाजूला उभी होती. माझ्या बहिणीनं, अक्कानं, तिला विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "मी कोन न्हाई ओ. लेकरू आजारी हुतं तवा तासगावच्या रस्त्यावरनं गाडीत घेतलं हुतं मला." तिच्या मागच्या माणसानंही तसंच काहीतरी सांगितलं. निम्मा घाट कधी ना कधी त्या गाडीत बसलेला होता. चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण सांगून टाकतो, मला तिथं रडू यायच्या आधी हेवा वाटला. माझ्या दहाव्याला घरची माणसं, शाळेतले चार शिक्षक आणि फार तर मुख्याध्यापक येतील, हा हिशेब मी घाटावर उभ्याउभ्याच करून मोकळा झालो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. हळदीचा व्यापार. अंगात पांढरा बुशशर्ट आणि त्याच्या खिशाच्या कडेला कायमचा पिवळा डाग, कारण हळकुंड मोडून वास घेतला की बोटं ते तिथंच पुसायचे. अक्कानं तीस वर्षं तो डाग धुतला, शेवटी नाद सोडला. आवाज असा की त्यांना फोनची गरज काय, असं वाटावं. मोटारीत बसले की डाव्या हाताशी भडंगाची पुडी. बोलता बोलता मूठ तोंडात, आणि मूठभरातले चार दाणे सीटच्या फटीत. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा शेवटचा शब्द एकच असायचा, "चालतीय न्हवं? मग झालं." आमच्या घरात असं कुणी बोलत नसे. आमच्याकडे एखादी गोष्ट चालत असली तरी ती बरोबर चालते का, हे आधी पाहत.

आमचे अप्पा वाईचे डॉक्टर. त्यांची फिकट निळी पद्मिनी मोटार तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. गियरची दांडी स्टिअरिंगलाच, डावीकडच्या कप्प्यात स्टेथोस्कोप आणि श्रीखंडाच्या गोळ्या. चोक ओढायचा, दोनदा पाय मारायचा आणि गणपतीचं नाव घ्यायचं, तेव्हा ती सुरू व्हायची. पसरणीच्या घाटात उकळायची. मग अप्पा कठड्यावर बसून ती गार व्हायची वाट बघायचे, आणि मी शेजारी बसून गोळी चोखायचो. माझ्या लहानपणातलं अप्पांचं निवांत रूप म्हणजे ते तेवढंच. एरवी ते पेशंटांचे.

पुढं आई गेली. मी साताऱ्यात हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, अप्पा वाईला एकटे. त्यांचा क्लचवरचा पाय थरथरायला लागला होता. एकदा मंडईत त्यांनी टोमॅटोच्या हातगाडीला धडक दिली. कुणाला लागलं नाही, पण मी त्यांना बसवून नीट समजावून सांगितलं आणि किल्ली साताऱ्याला घेऊन आलो. आजही मला त्यात चूक वाटत नाही. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली, मी तिच्यावर चांगलं जाड कव्हर घातलं. निवृत्त झाल्यावर मी ती मूळ रूपात उभी करणार होतो. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ इंजिन. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बापाची गाडी मुलाला येणार, यात बोलायचं काय?

मग अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तबकात दिवा आणि तेहतीस अनारसे ठेवून वाण द्यायचं. एकदा दिलेलं वाण परत घेत नाहीत. आणि विष्णूला नाही म्हणायची कुणाची छाती?

दाजींनी पंगतीत सगळ्यांच्या दुप्पट धोंडे तुपात बुडवून खाल्ले. अप्पांनी रीतीप्रमाणं विचारलं, "जावईबापू, यंदा काय देऊ? संकोच करू नका."

दाजी म्हणाले, "आवं अप्पा, कपडं नको, अंगठी नको. ती शेडातली गाडी द्या."

माझ्या तोंडात अनारसा होता, तो तिथंच राहिला. कसाबसा गिळून मी म्हणालो, "दाजी, ती बंद आहे."

"बंद हाय म्हनून तर मागतोय. चालू असती तर तू दिली असतीस व्हय?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तबकात किल्ली ठेवा." ती माझ्याकडे बघत उभी राहिली, कारण किल्ली माझ्या खिशात होती, माझ्या जुडग्यात. जुडग्याची कडी घट्ट होती. सगळे थांबले, दिवा जळत होता, आणि मी नखं मोडत माझ्या जुडग्यातून माझ्या बापाच्या गाडीची किल्ली सोडवून अनारशांशेजारी ठेवली. दाजींनी तबकाला नमस्कार केला. पुढचे चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

महिन्याभरात त्यांचा फोन आला. "इंजिन बदलतोय रं. बघायला ये."

मी पहिल्या एसटीनं सांगली गाठली. माधवनगरच्या रस्त्याला एका गॅरेजमध्ये पद्मिनीचं बॉनेट काढून ठेवलं होतं आणि इंजिन साखळीला टांगलं होतं. जिथं ते असायचं तिथं आता नुसता खड्डा. दाजी मात्र बाजूला स्टुलावर बसून मिस्त्रीला भडंग देत होते.

"दाजी, या गाडीची किंमत तिच्या मूळ इंजिनात असते," मी शांतपणे सुरुवात केली.

"इकायची कुनाला हाय?"

"पण मग ती पद्मिनी राहणार नाही."

"गड्या, अप्पांच्या तोंडात कवळी हाय. अप्पा अप्पाच हायेत का न्हाई?"

मिस्त्री हसला.

मग दाजींनी मला सगळं दाखवलं, जसं काही मी कौतुक करायला आलो होतो. हल्लीच्या छोट्या गाड्यांची पुढची चाकं गाडी ओढतात, पद्मिनीची मागची चाकं ढकलतात. म्हणून त्यांनी मागची चाकं फिरवणाऱ्या व्हॅनचं इंजिन शोधून काढलं होतं. शाळेची पोरं नेणारी व्हॅन, मागून ट्रकनं चेपलेली, पुढचं सगळं धड. इंजिनाच्या पायांसाठी नवीन ब्रॅकेट, मागची चाकं फिरवणारा मधला दांडा लेथवर कापून आखूड केलेला, ताकद वाढणार म्हणून पुढच्या चाकांना व्हॅनचेच ब्रेक. इंजिन चालवणारा कॉम्प्युटर कुठं बसवला? डावीकडच्या कप्प्यात, स्टेथोस्कोपाच्या जागी. कागदावर इंजिन बदलल्याची नोंद व्हावी म्हणून आरटीओत इतक्या खेपा घातल्या की तिथला चहावाला त्यांना ओळखायला लागला होता.

"गियर मात्र खाली घेऊ नका म्हनाल्यात अप्पा," ते म्हणाले. "हातातच पायजे. आता व्हॅनचा गियर असतो खाली. त्यो वर आनायचा म्हंजे लय कुटाना हाय. पन करतोय."

म्हणजे अप्पांना विचारलं होतं. अप्पांनी सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

तो कुटाणा पुरा झाल्यावर विश्रामबागेत त्यांच्या दारात गाडीची पूजा झाली. अप्पांना वाईहून आणलं होतं, गल्ली जमली होती. अक्कानं ओवाळलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. दाजींनी किल्ली फिरवली. एकदाच. ना चोक, ना गणपती. मग दांडी पहिल्या गियरला ओढली, क्लच सोडला, आणि गाडी दिमाखात मागं गेली. मागं शेजाऱ्यांच्या बांधकामाची वाळू होती, तीत डिकीपर्यंत घुसली. वरच्या दांड्या जोडताना उलट जोडल्या गेल्या होत्या. मी मनापासून हसलो, इतका की बायकोनं चिमटा काढला. दाजी खाली उतरले, वाळूकडे बघितलं, पुढं जसंच्या तसं राहिलेलं लिंबू बघितलं आणि म्हणाले, "चालतीय न्हवं? मग झालं. दिशा उद्या बदलू."

पण माझ्यापेक्षा जास्त अप्पा हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि दाजींची पाठ थोपटली. माझ्या हातून चूक झाली की अप्पा चष्मा काढून टेबलावर ठेवत, आणि घर गप्प होत असे. इथं वाळूत गाडी घातलेल्या माणसाच्या पाठीवर थाप. मी हसायचा थांबलो.

त्यानंतर ती गाडी रोजची झाली. मार्केट यार्ड, बाजार, लग्नं, दवाखाना. डिकीत हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या, त्यामुळं निळी गाडी आतून पिवळी. दाजींचं तत्त्व असं की रिकामी शीट नेणं पाप. रस्त्यात हात केलेला माणूस त्यांनी सोडला नाही, हात न केलेल्यालाही थांबून विचारायचे. मी एकदा म्हणालो, "दाजी, जुनी गाडी अशी रोज वापरली तर खराब होते."

"आरं, देव बी वर्सातनं जत्रंला भाईर काढत्यात. ही तर गाडी हाय."

काढलेलं इंजिन त्यांनी टेम्पोत घालून साताऱ्याला माझ्या दारात आणून सोडलं. "हे तुझं. मूळ मूळ करत हुतास न्हवं?" थट्टा होती की माया, मला कळलं नाही. मी ते पार्किंगच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि दर रविवारी रॉकेलच्या फडक्यानं पुसू लागलो. माझ्या बायकोला त्यावर कुंडी ठेवायची होती. मी ठेवू दिली नाही. ते इंजिन पुसताना मी दाजींवर जळायचो. ओल्या लाकडासारखा, भडका नाही, नुसता धूर.

खरं जळणं पुढंच होतं. महिन्या-दोन महिन्यांनी दाजी वाईला जाऊन अप्पांना फिरवून आणायचे, एवढं मला माहीत होतं. आता माझ्याकडेही गाडी होती, नवी, थंड हवेची. अप्पा तिच्यात बसले की हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखे बसत. एका रविवारी मी न कळवता वाईला निघालो. अप्पा घरी नव्हते. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "दाजी आल्यात, धोमकडं गेल्यात." मी तिकडे गाडी वळवली. कालव्याच्या कडेचा तो रस्ता, सकाळी तिथं चिटपाखरू नसतं. समोरून निळी पद्मिनी आली. हळू येत होती, अगदी रस्त्याच्या मधून. जवळ आली तेव्हा दिसलं, स्टिअरिंगवर अप्पा होते. डोक्यावर जुनी टोपी, मान पुढं काढलेली. शेजारी दाजी भडंग खात होते, आणि ब्रेकच्या दांडीवर त्यांचा उजवा हात होता. अप्पा काहीतरी सांगत होते आणि हसत होते. मी गाडी कडेला घेतली. ते माझ्या इतक्या जवळून गेले की काच खाली करून मी हाक मारली असती तर ऐकू आली असती. त्यांनी मला ओळखलं नाही. रस्त्यात एक गाडी बाजूला झाली, एवढंच त्यांनी पाहिलं.

मी वाईला थांबलो नाही. सरळ साताऱ्याला आलो. संध्याकाळी अप्पांचा फोन आला, आवाजात नवाच तजेला. "सुहास, आज काय मजा झाली सांगू?" पुढं एकदम थांबले आणि म्हणाले, "काही नाही, दाजी आले होते." माझ्यापासून लपवायचं ठरलं होतं तर. लहानपणी मी त्यांच्यापासून सिनेमा लपवायचो, तसं ते माझ्यापासून आपली गाडी लपवत होते. मला दाजींचा इतका राग आला की त्या दिवाळीला भाऊबीजेला मी सांगलीला गेलो नाही. मुलाच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

अप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. दाजी सांगलीहून त्याच गाडीनं आले. ती गाडी घरापुढं उभी होती, लोक तिच्याकडे बघून "डॉक्टरांची गाडी" म्हणत होते, आणि मी तिच्या अंगाला हात लावला नाही. इंजिन बदलल्यापासून मी तिच्यात एकदाही बसलो नव्हतो. दाजींनी कितीदा दार उघडून धरलं असेल. मला दर वेळी काहीतरी काम असायचं.

पुन्हा अधिक महिना आला. आता घरचा कर्ता मी. दाजींना आणि अक्काला साताऱ्याला बोलावलं. माझ्या बायकोनं धोंडे केले, मी चांदीची वाटी आणून ठेवली होती. दाजी या वेळी बेतानं जेवले. साखर वाढली होती म्हणे. तबक पुढं केलं आणि रीत म्हणून मी विचारलं, "दाजी, वाण काय देऊ?" वाटी तबकात दिसतच होती, तेव्हा हा प्रश्न नुसता तोंडचा.

"वाटी ठेव तुला," ते म्हणाले. "मला वाईपत्तोर सोड. माझ्या गाडीतनं. तू चालवायचीस."

मी बायकोकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. दोघी दिव्याकडे बघत होत्या. धोंड्याचा महिना, समोर जावई. अक्का माहेरपणाला साताऱ्यातच राहिली, आणि मी त्या गाडीत बसलो.

हात आपोआप चोकच्या बटणाकडे गेला. बटण जागेवर होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. किल्ली फिरवायचा अवकाश, गाडी सुरू झालेली मला कळलीही नाही. क्लच लोण्यासारखा. स्टिअरिंगची दांडी हातात आली आणि पहिला गियर पडला, तोच, तिथंच. आत हळदीचा वास. लिंब खिंड मागं गेली. दाजी भुईंजला म्हणाले, "चालतीय न्हवं?"

"चालतेय," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "सुहास, ही गाडी मागायचं माझ्या डोक्यात कवाच नव्हतं. अप्पांनीच फोन केलता. म्हनाले, जावईबापू, धोंड्याला याल तवा माझी गाडी मागा. तुमी मागितलीत तर कुनाला न्हाई म्हनता येनार न्हाई. आनि ती चालू करा, मला एकदा चालवायची हाय."

मी गाडी कडेला घेतली. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुला सांगितलं असतं तर तू समजावून सांगितलं असतंस," दाजी म्हणाले. "लय समजावून सांगतोस गड्या तू."

ते हे रागानं बोलले नाहीत, हीच पंचाईत होती. हलका क्लच, एका किल्लीत सुरू होणारं इंजिन, हातातला गियर, सगळं एका थरथरत्या पायासाठी होतं, आणि मी तीन वर्षं एक बंद इंजिन पुसत बसलो होतो. पण मला तेव्हा पश्चात्तापापेक्षा हेवाच जास्त झाला, तो लपवत नाही. माझ्या बापानं म्हातारपणी एकच हट्ट केला आणि तो जावयाजवळ केला.

वाईत दाजींनी स्टँडवर गाडी घ्यायला लावली. पिशवी घेऊन खाली उतरले. मी म्हणालो, "इथं कशाला? घरी जाऊ की."

"माझी सांगलीची एसटी हाय. तू जा गाडी घेऊन."

"ही? दाजी, वाण परत घेत नाहीत."

"परत कोन देतंय? मी वाण मागितलं, तू चालवायचीस. आजच्यापुरतं कुठं म्हनलो मी?" मग डोळ्यांपाशी बोट नेऊन म्हणाले, "साखरेनं ह्ये गेलं रं. डागदर म्हनला आता गाडी बास, सांगलीपासनं कशीबशी आनली. म्हनलं, कुनी किल्ली काढून घ्यायच्या आत आपनच द्यावी."

त्यांच्या मागं मागं मी एसटीपर्यंत गेलो. ते चढले, खिडकीशी बसले. मी खालून विचारलं, "जुनं इंजिन आहे माझ्याकडे. परत बसवलं तर?"

"बसीव की. पन चालीव. उभी करू नगंस."

दाजींना मी शेवटचं पाहिलं ते असं. त्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस येऊन बसला, मांडीवर दुधाची किटली घेतलेला, दमलेला. दाजी सरकले, त्याला जागा करून दिली, आणि पिशवीतून भडंगाची पुडी काढून त्याच्यापुढं धरली. तो नको नको म्हणाला, मग त्यानं मूठ भरली. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा दोघं कशावर तरी हसत होते, आणि दाजी माझ्याकडे बघायचे विसरले होते. बस वळेपर्यंत मी गाडीला टेकून उभा होतो. इतकी वर्षं मी दाजींवर जळलो. त्या दिवशी मी त्या किटलीवाल्यावर जळलो.